मिटलेल्या डोळ्यांचा फोटो

परभणीच्या गुजरी बाजारात बन्सीधरचा फोटो स्टुडिओ होता आणि त्या स्टुडिओत हसायला बंदी होती. तशी पाटी कुठं लावलेली नव्हती, तिची गरजही नव्हती. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की बन्सीधर काळ्या कपड्याआडून हुकूम सोडायचा, "हलू नका. हसू नका. श्वास धरा." मग कपड्याबाहेर येऊन लाकडी कॅमेऱ्याच्या तोंडावरची टोपी दोन बोटांनी अलगद काढायचा, मनात काहीतरी पुटपुटायचा आणि टोपी परत घालायचा. तेवढा वेळ अवखळ पोरसुद्धा चावडीवर आणल्यासारखं बसायचं. हैदराबादच्या ज्या उस्तादाकडं तो हे काम शिकला, त्याचं म्हणणं असं, की हसणं म्हणजे तोंडाचं हलणं, आणि हललेला फोटो म्हणजे वाया गेलेली काच. उस्ताद अल्लाला प्यारा झाला, फोटोच्या काचा जाऊन फिल्म आली, पण हुकूम काही बदलले नाहीत.

आसपासच्या गावांत घरोघरी भिंतींवर बन्सीधरची माणसं टांगलेली होती. नवरा खुर्चीत, बायको मागं उभी, आणि दोघांचेही चेहरे पाढे विसरलेल्या पोरांसारखे. पण त्याचं खरं नाव झालं ते मयताच्या फोटोंमुळं. जितेपणी शेतातून उठून फोटो काढायला यायला माणसाला सवड नसते. मेल्यावर मात्र घरच्यांना वाटतं, काहीतरी आठवण राहावी. मग बन्सीधरला बोलावणं जायचं. मयताला भिंतीला टेकवून बसवायचं, पटका नीट करायचा, फोटो काढायचा. आणि पुढं स्टुडिओत बसून, बारीक ब्रशनं, फोटोतल्या मिटल्या पापण्यांवर उघडे डोळे काढायचे. हे काम जिल्ह्यात त्याच्याइतकं सफाईनं कुणालाच जमत नव्हतं. एका म्हातारीनं तर नवऱ्याचा तसला फोटो हातात घेतला आणि आधी डोक्यावरचा पदर सारखा केला. ही गोष्ट बन्सीधर स्वतःच सांगायचा, आणि फार वेळा सांगायचा.

असा नावलौकिकाचा माणूस कुणावर जळत असेल असं वाटणार नाही. पण बन्सीधर जळत होता, आणि चांगला धुमसत जळत होता. ज्याच्यावर जळत होता त्याचं नाव चंद्रभान.

चंद्रभाननं स्टेशन रोडला कॅमेऱ्यांचं दुकान काढलं होतं. स्टुडिओ नव्हे, दुकान. काचेच्या कपाटांत कॅमेरे मांडून ठेवलेले, भिंतीवर रंगीत फोटो, आणि गल्ल्यावर हा गोरागोमटा, हसतमुख पोरगा. मॅट्रिकच्या परीक्षेसाठी याचा फोटो बन्सीधरनंच काढला होता, तेव्हाही हा मधेच हसला होता आणि फोटो दुसऱ्यांदा काढावा लागला होता. बन्सीधरला ते पक्कं आठवत होतं. चंद्रभान कॅमेरे विकायचा, भाड्यानं द्यायचा, आणि कहर म्हणजे कुणालाही शिकवायचा. कॉलेजातली पोरं, बँकेतले बाबू, येलदरीच्या वीजघरातले लोक, सगळे गळ्यात कॅमेरे अडकवून हिंडायला लागले. उद्या उठून हे आपापल्या बायकापोरांचे फोटो घरच्या घरी काढतील, मग गुजरी बाजारात कोण येणार, हा बन्सीधरचा सवाल होता. सवाल धंद्याचा होता असं तो म्हणायचा. पण धंदा तेवढा काही बसला नव्हता. बसला होता तो त्याचा मान.

राग करावा तर चंद्रभान वागायला गुळासारखा. रस्त्यात दिसला की सायकलवरून उतरायचा. गोड बोलणाऱ्या माणसाचा हेवा करणं फार कष्टाचं काम असतं, सगळा मालमसाला स्वतःच्या घरून आणावा लागतो.

आणि त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर चंद्रभाननं खुला दिवस जाहीर केला. रिक्षावर भोंगा लावून पुकारा झाला, की हौशी मंडळींनी दिवसभर दुकानात यावं, पाहिजे तो कॅमेरा हातात घेऊन पाहावा, शंका विचाराव्यात, आणि स्वतः काढलेला एक फोटो सोबत आणावा. सगळे फोटो भिंतीवर लागतील आणि चांगल्या फोटोला बक्षीस मिळेल. ठरलेल्या रविवारी नामांतराच्या मोर्च्यामुळं बाजार बंद राहिला, म्हणून खुला दिवस आठवडाभर पुढं गेला. बन्सीधरला वाटलं, बरी जिरली. पण लांबल्यामुळं गावात चर्चा तेवढी वाढली.

मग एका सकाळी चंद्रभान स्वतः गुजरी बाजारात आला. पाया पडून म्हणाला, "काका, परीक्षक म्हनून तुमीच पायजे. ड्रॉइंगचे दिनकरराव सर हायेत, पन शेवटचा शब्द तुमचा."

"आमाला काय कळतंय तुमच्या रंगीत दुनियेतलं," बन्सीधर म्हणाला.

"असं कसं काका. या गावाला फोटो दावला कुनी?"

बन्सीधरनं आढेवेढे घेतले, पण आतून तो तयारच होता. फोटो कशाला म्हणायचं हे सांगायचा हक्क अजून कुणाचा आहे, ते आता भर दुकानात, चंद्रभानच्याच छपराखाली ठरणार होतं. स्टुडिओमागं पडद्यापलीकडंच घर होतं, तिथून त्याची बायको कस्तुराबाई चहा घेऊन आली. ती म्हणाली, "जावा की. एवढा मान द्यायलाय पोरगा."

रविवारी बन्सीधर कोट घालून गेला. कोट फक्त लग्नांचे फोटो काढताना अंगात जायचा. स्टेशन रोडच्या तोंडालाच त्याला गर्दी दिसली. एवढी माणसं त्याच्या स्टुडिओत एका दिवशी कधी आली नव्हती. त्यात त्याची स्वतःची गिऱ्हाइकं होती. ज्यांनी त्याच्यासमोर श्वास रोखले होते ते इथं मोकळेपणानं हसत, बोलत, एकमेकांवर कॅमेरे रोखत होते. कुणी कुणाला गप्प बसा म्हणत नव्हतं. लाइट जावी, असं बन्सीधरनं मनापासून चिंतलं. आणि खरंच लाइट गेली. चंद्रभाननं दुकानाची दोन्ही दारं सताड उघडली, चार खुर्च्या बाहेर टाकल्या, आणि लोक म्हणाले, आता कसं झकास वाटतंय. बन्सीधरचं चिंतलेलं झालं, तेही चंद्रभानच्या पथ्यावर पडलं.

फोटो एका लांब दोरीला कपडे वाळत घातल्यासारखे लावले होते. समोर नुसता आकडा आणि नाव पाठीमागं, म्हणजे परीक्षकाला कुणाचा कोणता ते कळू नये. येलदरीचं धरण, चारठाण्याचं देऊळ, बैल, सूर्य, भाचा, पुन्हा सूर्य. दिनकरराव सर एकेकासमोर थांबत, मान वाकडी करत पुढं गेले आणि सात नंबरसमोर उभे राहिले ते हलेचनात.

सात नंबरात एक बाई होती. मागं जत्रेची धुरकट गर्दी, पाळण्याचा एक खांब. बाईचं डोकं मागं टाकलेलं, पदर खांद्यावर घसरलेला, तोंड पूर्ण उघडं, डोळे घट्ट मिटलेले. ती हसत होती, आणि साधं नाही, पोट धरून. उजवा हात समोर उचललेला, दोन बोटं चिमटीत.

"वा," दिनकरराव म्हणाले. "बन्सीधरराव, हा बघा. ही बाई आपल्याला ओळखीची वाटायला लागते की नाही? मला तर तिचं हसू ऐकू येतंय."

चंद्रभानही मागून आला. त्या फोटोकडं बघताना त्याचा चेहरा असा काही उजळला, की बन्सीधरनं मनाशी ठरवून टाकलं, हा याचाच असणार. दुसऱ्याच्या नावावर स्वतःचाच फोटो लावलाय आणि बक्षीसही घरातच ठेवायचा बेत आहे. एकदा असं ठरल्यावर बन्सीधरनं फोटो पाहिलाच नाही, फोटोतल्या चुका पाहिल्या. आणि चुका पाहायला त्याची नजर घारीची होती.

"खांब वाकडा हाय," तो म्हणाला. "मागलं सगळं पुसट. ह्यो हात काय करायलाय? हातात काही न्हाई, नुसताच वर. बाईच्या डोक्यावर पदर न्हाई. आन् डोळे?"

"हसताना मिटतातच हो डोळे," दिनकरराव म्हणाले.

माणसं जवळ सरकली होती. सगळे ऐकत होते, आणि बन्सीधरला बऱ्याच दिवसांनी स्वतःचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत वाटला.

"सर, मिटलेल्या डोळ्यांचे फोटो आमी मयताचे काढतो," तो म्हणाला. "ही बाई जित्यांत धरायची का मेल्यांत, तेवढं आधी सांगा. मेल्यांत असंल तर मी डोळे काढून देतो."

लोक खो खो हसले. दिनकररावही नाइलाजानं हसले. चंद्रभाननं मान खाली घातली, आणि ते पाहून बन्सीधरला वर्षभराची जळजळ एका दमात निवल्यासारखी वाटली. गर्दीच्या कडेला पांढरी टोपी घातलेला एक गडी उभा होता, तो तेवढा हसला नाही. बन्सीधरचं तिकडं लक्ष नव्हतं.

पहिला नंबर चारठाण्याच्या देवळाला मिळाला. खांब सरळ, कळस मधोमध, एक पान हललेलं नाही. बन्सीधरनं तो देऊन टाकला आणि चंद्रभाननं हूं की चूं न करता जाहीरही केला. मग तो म्हणाला, "आता ज्यांनी ज्यांनी फोटो आनले त्या सगळ्यांना दुकानाकडून एकेक रोल. नाव घेतो तसं पुढं या." तो एकेक फोटो उलटून पाठीमागचं नाव वाचू लागला. देवळाचा फोटो येलदरीच्या वीजघरातल्या दत्तरावांचा निघाला. टाळ्या झाल्या.

"सात नंबर," चंद्रभान म्हणाला. "आसाराम, पोखर्णी."

पांढऱ्या टोपीचा गडी पुढं आला. पोखर्णी म्हणजे कस्तुराबाईचं माहेर, आणि आसाराम म्हणजे तिचा चुलतभाऊ. दोन एकरांचा धनी, दिवाळी झाली की उसाला जाणारा. मागं एकदा उसावरून येताना त्यानं कुणाकडून तरी जुना डबा कॅमेरा आणला होता आणि मोठ्या हौसेनं बन्सीधरला दाखवायला आला होता. बन्सीधरनं तो हातातसुद्धा घेतला नव्हता. "पोराला दे खेळायला," म्हणाला होता.

आसारामनं रोल घेतला, खिशात घातला, आणि वाकून बन्सीधरच्या पाया पडला. "दाजी," तो म्हणाला.

बन्सीधरनं त्याच्याकडं पाहिलं. मग दोरीवरच्या सात नंबरकडं पाहिलं. आधी कपाळावरचं गोंदण दिसलं, मग हनुवटी, मग कानामागचा तीळ. तीस वर्षं जे तोंड समोर होतं, ते एकेक तुकडा जोडत त्याला ओळखावं लागलं. असे दात, असा गळा, असं उघडं डोकं त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

"तू मघाशीच कामून बोलला न्हाईस?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"तुमी घरचे जावई," आसाराम म्हणाला. "चार लोकांत तुमच्या शब्दावर आमी कसा शब्द टाकावा." त्यानं दोरीवरून फोटो काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बन्सीधरच्या हातात दिला. "आक्कानं मागितला व्हता. जत्रंपासून मागं लागलीय. तेवढा द्या तिला." मग तो म्हणाला, "आन् तुमी म्हनलं ते तिला सांगू नका. मी बी सांगत न्हाई."

असं काही ऐकवण्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी जाताना बन्सीधरनं स्वतःला बरंच काही ऐकवायला हवं होतं. आपल्या तोंडानं, भर बाजारात, जित्या बायकोला मेल्यांत काढलं म्हणून लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटतही होती. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्याला जळायला होत होतं. चंद्रभानचं दुकान, रंगीत फोटो, गर्दी, ते सगळं एका फटक्यात क्षुल्लक झालं होतं. आता तो जळत होता त्या डबा कॅमेऱ्यावर, आसारामवर, पाळण्याच्या वाकड्या खांबावर, जत्रेत तिच्या समोर जे कुणी उभं असेल त्याच्यावर. लग्नानंतर एकदाच त्यानं तिचा फोटो काढला होता. खुर्चीमागं उभं करून, श्वास धरायला लावून. त्या फोटोत ती होती, पण ही बाई नव्हती. ही तीस वर्षं त्याच्या घरात राहून त्याच्यापासून लपून बसली होती आणि पोखर्णीच्या जत्रेत एका ऊसतोड्याला फुकटात सापडली होती. कशावर हसली असेल ही एवढी? हा प्रश्न किडलेल्या दातासारखा ठणकत राहिला.

कस्तुराबाईनं विचारलं, "झालं का बक्षीस?" तो म्हणाला, "झालं." फोटो त्यानं कोटातच ठेवला आणि कोट खुंटीला अडकवला.

सकाळी स्टुडिओ उघडल्यावर त्यानं तिला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली. त्यानं वर्तमानपत्र सोडून फोटो तिच्यापुढं धरला. तिनं पाहिलं आणि आधी डोक्यावरचा पदर पुढं ओढला, जणू फोटोतला घसरलेलाही तेवढ्यानं सावरणार होता.

"आसाराम आल्ता व्हय? आगं माय, ह्ये काय ध्यान," ती म्हणाली. पण फोटो तिच्या हातून सुटेना. तिनं तो खिडकीच्या उजेडात नेला, जवळ धरला, लांब धरला. मग अगदी सहज म्हणाली, "डोळे तेवढे मिटलेत बगा. तुमी काढता तसे डोळे काढून द्या की मला."

बन्सीधरनं टेबलाकडं पाहिलं. ब्रश हाताशीच होता, काळा रंगही होता.

"न्हाई," तो म्हणाला.

"कामून? लोकाला तर देता काढून."

"जित्या मानसाला ते करत न्हाईत." एवढं बोलून त्यानं स्टुलाकडं बोट केलं. "बस तिथं. मी काढतो तुजा फोटो."

ती बसली. आणि बसल्याबरोबर, त्यानं एक शब्द उच्चारायच्या आत, तिनं पाठ ताठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले, ओठ मिटले आणि श्वास धरला. पडद्यापलीकडून तीस वर्षं ऐकलेले हुकूम तिच्या अंगातच भिनलेले होते. बन्सीधर काळ्या कपड्यात शिरला. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर ती उलटी दिसत होती, डोकं खाली, पाय वर, आणि तोंडावर तेच, सगळ्या जिल्ह्याच्या भिंतीवर टांगलेलं तोंड.

"हस," तो कपड्यातून म्हणाला.

"कशाला?"

"हस म्हनलं तर हस."

तिनं ओठ थोडे ताणले. ते बघवेना. बन्सीधर कपड्याबाहेर आला आणि इतका वेळ दातांखाली दाबलेलं त्यानं विचारून टाकलं. "जत्रंत कशावर हसायलीस एवढी? कोन व्हतं समोर? आसारामनं काय म्हनलं?"

"तो काय म्हनतो? त्यानं कवा काढला ते बी कळलं न्हाई, मागून सांगितलं त्यानं." ती घुटमळली. "आमी बायाबायाच व्हतो. सारजानं इचारलं, तुजा मालक फोटो कसा काढतो. म्हून करून दावलं."

"काय करून दावलं?"

"राहू द्या. तुमाला राग ईल."

"न्हाई येत. दाव."

तिनं एकदा त्याच्याकडं पाहून अंदाज घेतला. मग स्टुलावरून उठली. पदर डोक्यावरून पार तोंडाच्याही पुढं ओढून घेतला, हुबेहूब काळ्या कपड्यासारखा, आणि आतून जाड आवाज काढला. "हलू नका. हसू नका. श्वास धरा." मग पदरातून तोंड बाहेर काढून, उजवा हात समोर करून, दोन बोटांच्या चिमटीत नसलेली टोपी मोठ्या तोऱ्यात उचलली. ती उचलता उचलताच तिला हसू फुटलं. डोकं मागं गेलं, पदर खांद्यावर आला, डोळे गच्च मिटले.

हात काय करायलाय, असं त्यानं सगळ्या गावासमोर विचारलं होतं. हात त्याचंच काम करत होता.

बन्सीधर झटक्यात कपड्यात शिरला. काचेवर ती हसत होती, उलटी, पण पुरती. त्याच्या कॅमेऱ्याची रीत अशी, की फिल्मची चौकट आत सरकवली की काचेवरचं चित्र जातं. मग माणूस दिसत नाही, नुसता अंदाजानं फोटो घ्यायचा. आसारामच्या डब्याला एका खटक्यात जे जमलं, ते याच्या कॅमेऱ्याला या जन्मी जमणार नव्हतं. चौकट त्याच्या हातात होती. ती त्यानं खाली ठेवली.

हसू ओसरल्यावर कस्तुराबाईनं डोळे पुसले. "काढला का?"

"न्हाई."

"मग काय करायलाव आत?"

"बगायलोय," तो म्हणाला. आणि जरा वेळानं, "आनखी एकदा कर."

तिनं पदर पुन्हा पुढं ओढला, घसा साफ केला आणि त्याच्याच आवाजात हुकूम सोडला. कपड्याच्या अंधारात बन्सीधरनं श्वास धरला.